पूर्णांकाची अट

असमानता नेहमीसारखी सोडवा, उत्तर अपूर्णांकात आलं तर जवळचा पूर्णांक लिहा आणि पुढच्या प्रश्नाला लागा, असा सल्ला स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत सर्रास दिला जातो. आता तो शाळेच्या वर्गातही शिरला आहे. एकच राशी असली की तो बहुतेक वेळा खपून जातो, आणि म्हणूनच मला तो घातक वाटतो.

समजा, मुरुडच्या वाडीतली सुपारी दापोलीला पाठवायची आहे आणि टेम्पोत 100 किलोचीच जागा आहे. मोठं पोतं 30 किलोचं, त्यावर 310 रुपये सुटतात. लहान पोतं 25 किलोचं, त्यावर 250 रुपये. पोती फोडायची नाहीत. किलोमागे मोठं पोतं फायद्याचं, म्हणून अपूर्णांक चालत असते तर मोठी सव्वातीनहून थोडी जास्त पोती हे उत्तर आलं असतं. वरचा सल्ला मानला तर 3 मोठी पोती चढतात, 930 रुपये सुटतात आणि 10 किलोची जागा रिकामी जाते. खरं उत्तर आहे 4 लहान पोती आणि 1000 रुपये. त्यात मोठं पोतं एकही नाही. पूर्णांकाच्या अटीने इथे अख्खा प्रश्नच बदलला.

ही समज आपल्याकडे जुनी आहे. आर्यभटांचा 499 मधला कुट्टक, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढण्याची रीत, आणि ब्रह्मगुप्तांनी 628 मध्ये त्याला दिलेली पुढची दिशा, हे वाचकांना ठाऊक आहे. ज्या डायोफँटसचं नाव आज अशा समीकरणांना दिलं जातं, तो स्वतः अपूर्णांकी उत्तरांवर समाधानी असे. कुट्टकाला मात्र सुरुवातीपासून पूर्णांकच हवा होता, कारण ग्रहांची पूर्ण झालेली आवर्तनं आणि लोटलेले दिवस मोजायचे होते. इथवर फारसा वाद नाही.

वाद पुढे आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, अनेकवर्णसमीकरणाच्या, म्हणजे अनेक अव्यक्तांच्या समीकरणांच्या प्रकरणात, पक्ष्यांचं उदाहरण येतं. द्रम्म हे त्यातलं नाणं. 3 द्रम्मांना 5 पारवे, 5 द्रम्मांना 7 सारस, 7 द्रम्मांना 9 हंस आणि 9 द्रम्मांना 3 मोर मिळतात. 100 द्रम्मांत 100 पक्षी आणायचे. याला राजदरबारी करमणुकीचं कोडं समजून बहुतेक लेखक पुढे जातात. अव्यक्तं चार आणि समीकरणं दोन, म्हणून प्रश्न अपुरा आणि उत्तर मर्जीचं, असंही म्हटलं जातं. माझ्या मते सगळी चूक इथेच होते.

पैसे पूर्ण द्रम्मांत द्यायचे, आणि 5, 7, 9 यांत सामाईक अवयव नाही. त्यामुळे पारवे पाचाच्या, सारस साताच्या आणि हंस नवाच्या गटांनीच घ्यावे लागतात. दोन्ही समीकरणं एकत्र केली की दिसतं, या तिघांच्या गटांची बेरीज मोरांच्या संख्येइतकीच असते. शिवाय मोरांची तिप्पट, सारसांचे गट आणि हंसांच्या गटांची दुप्पट मिळून 50 होतात. आता प्रत्येक जातीचा निदान एक पक्षी हवा, एवढी असमानता जोडा. मोर 11 पेक्षा कमी चालत नाहीत आणि 15 पेक्षा जास्तही चालत नाहीत. एकूण उत्तरं बरोबर 16. त्यांतलं एक पाहा: 5 पारवे, 56 सारस, 27 हंस, 12 मोर. अपूर्णांक चालवले असते तर उत्तरं अनंत झाली असती. अपुऱ्या वाटणाऱ्या प्रश्नाला काठ आणि तळ दिला तो पूर्णांकाने आणि असमानतेने, दोघांनी मिळून. ज्याला आज लोक कोडं म्हणतात, त्यात मला हा विचार स्वच्छ दिसतो.

हा विचार करमणुकीपुरता नव्हता, हे पंचांगावरून कळतं. शंकर बाळकृष्ण दीक्षित 1853 मध्ये याच मुरुडात जन्मले. पेशाने शिक्षक असलेल्या या माणसाने भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला आणि 1896 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी अभ्यासलेल्या पंचांगातली अडचण अशी: सौर वर्षात सरासरी 12.37 चांद्रमास असतात, पण वर्षाला महिने 12 किंवा 13 च धरता येतात. तेरावा कधी धरायचा? ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक. दोन पडल्या तर क्षय. सरासरीने चांद्रमास 29.53 दिवसांचा आणि सौरमास 30.44 दिवसांचा, म्हणजे दोन संक्रांती एका महिन्यात कधीच मावू नयेत. सूर्याची स्पष्ट, म्हणजे प्रत्यक्ष कमी-जास्त होणारी गती घेतली की हिवाळ्यात सौरमास आखूड होतो आणि त्या मावतात. शके 1885 आणि 1904 मध्ये तसं घडलं. सरासरी काढून मग पूर्णांक करणाऱ्याच्या पंचांगात क्षयमास कधी आलाच नसता.

विसाव्या शतकात हीच अट गणितज्ञांना पुन्हा भेटली. 1958 मध्ये गोमोरींनी पूर्णांकी प्रश्नांसाठी छेद देत जाण्याची रीत दिली. 1972 मध्ये कार्प यांनी दाखवलं की राशींना 0 किंवा 1 एवढीच मुभा दिली तरी असा प्रश्न अत्यंत अवघड वर्गात मोडतो. मग 1984 मध्ये आपल्या नरेंद्र करमरकरांची पद्धत आली. तिचा अभिमान बाळगताना वाटपाचे सगळे प्रश्न सुटल्याचं आपण सांगत सुटलो. करमरकरांनी सोडवला तो अपूर्णांक चालणारा रेषीय प्रश्न. तो फार मोठा पराक्रम आहे. पण सर्वच पूर्णांकी प्रश्नांना लागू पडेल अशी झटपट रीत आजही कोणाकडे नाही.

म्हणून गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. राशी पूर्णांक असेल तर ती अट मुलांकडून पहिल्याच ओळीत लिहून घ्या. मग जवळचा पूर्णांक न लिहिता, असमानतेत बसणारे सगळे पूर्णांक त्यांना मांडायला लावा. दीक्षितांच्या गावच्या शाळेपासून सुरुवात झाली तर फार चांगलं.