कायदा आधी कोणी मोडला?
इ.स.पूर्व 133 मध्ये टायबेरियस ग्रॅकस रोमचा ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांचा प्रतिनिधी झाला. सरकारी जमीन धनिकांनी बळकावली होती. ती गुलाम कसत होते. प्रत्येकी 500 युगेरांची जुनी मर्यादा पाळा, उरलेली जमीन गरिबांना वाटा, असा कायदा त्याने मांडला. सहकारी ऑक्टेव्हियसने नकाराधिकार वापरताच त्याने लोकांच्या मतांनी त्याला पदावरून काढले. रोममध्ये असे पूर्वी घडले नव्हते. त्याच वर्षी सिनेटरांच्या जमावाने टायबेरियसला सुमारे 300 समर्थकांसह ठार मारले.

माझ्या मते कायदा आधी जमीन दाबणाऱ्यांनीच मोडला. तरीही हक्क मागणाऱ्याने संकेत मोडला, की जुलमी माणसाला आयते निमित्त मिळते. म्हणून सब्र हवा, हे खरे. पण भूमिहीनाने तो किती पिढ्या करावा?