घरातल्या माणसाची विचारपूस

जानेवारी २०१७मध्ये सतीश राजवाडे यांचा ‘ती सध्या काय करते’ हा चित्रपट आला आणि पुढचे काही आठवडे त्या नावावरचे विनोद महाराष्ट्रभर फिरत राहिले. त्या हशामागे एक खरा बदल होता. आधीच्याच सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झालं होतं आणि स्वस्त इंटरनेट घराघरांत पोचू लागलं होतं. १९९०च्या आसपास दहावी झालेली मुलंमुली तेव्हा चाळिशीत शिरली होती. शाळा सुटली तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी फोनही नव्हता. मुलींची तर लग्नात आडनावं बदलली. अनेक घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नावही लिहिलं गेलं. मग वर्गातली मुलगी शोधायची कोणत्या नावाने? हे संपर्क कुणी ठरवून तोडले नव्हते, ते आपोआप तुटले. कितीतरी संसार सुरळीत चालले त्यात या तुटण्याचाही थोडा वाटा होता, हे मान्य करायला हवं. आता तीच मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दहावीच्या बॅचमध्ये रोज सकाळी भेटतात, आणि संसारांवर त्याचं काय होणार याची काळजी घरोघरी आहे.

या काळजीचा रोख चुकला आहे, असं मला वाटतं. जुनी ओळख परत जुळण्यात संसाराला मुळातला धोका नाही. वीस-पंचवीस वर्षांनी भेटलेल्या वर्गमित्राची आपण जी आस्थेने विचारपूस करतो, ती घरातल्या माणसाची करणं केव्हाच थांबलेलं असतं. धोका तिथे आहे. हे कुठेही दिसतं, पण पुण्याच्या मार्केट यार्डात फार स्पष्ट दिसतं. गुलटेकडीच्या या बाजारात भाजीपाल्याच्या गाड्या रात्री लागतात आणि उजाडायच्या आत उलाढाल सुरू झालेली असते. अडत्या, तोलणार, हमाल, टेम्पोवाला यांचा दिवस बाकीचं शहर झोपेत असताना सुरू होतो. ते घरी येऊन झोपतात तेव्हा घरातल्या बाकीच्यांचा दिवस ऐन भरात असतो. अनेक हमालांचं तर कुटुंबच गावी असतं. अशा घरांत नवरा-बायकोचं बोलणं हळूहळू कामापुरतं उरतं: मुलाची फी, सिलिंडर, सासूबाईंचं औषध, सोसायटीचा हप्ता. भांडण नसतं, प्रेम आटलेलंही नसतं. बोलायला दोघांना मिळून वेळ सापडत नाही, आणि पुढे त्या न बोलण्याची सवय होते.

त्यात पन्नाशीकडे झुकणाऱ्या वयाची धास्ती. ती मनाचे खेळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने दिलेल्या लढ्यांमुळे आणि १९६९च्या माथाडी कायद्यामुळे पुण्याच्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, कामाला प्रतिष्ठा मिळाली. तरी पंचेचाळिशीनंतर पोतं जड लागतं ते लागतंच. अडत्याची धास्ती वेगळी. जुलै २०१६मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली. ज्या गाळ्यावर वडील बसले त्यावर मुलगा बसेल, हा भरवसा तेव्हापासून अधिकच पातळ झाला. माल उतरायची वाट पाहत बसलेल्या अशा माणसाच्या हातात फोन असतो, आणि फोनमध्ये त्याला सोळाव्या वर्षापासून ओळखणारी माणसं असतात.

ती माणसं का ओढून घेतात, याला संशोधनाचा आधार आहे. डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये दाखवलं की चाळिशी ओलांडलेल्या माणसांना दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. ब्लांचफ्लॉवर आणि ऑस्वल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००८मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासून मांडलं की आयुष्याबद्दलचं समाधान चाळिशीत तळाला जातं. या दुसऱ्या निष्कर्षावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि तो प्रत्येकाला लागू होत नाही. पण ज्यांना तो लागू होतो, त्यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, आणि आपल्याकडे त्यात तिसरीची भर पडते. ठरवून झालेल्या लग्नात जोडीदाराने आपल्याला पहिल्यांदा पाहिलं ते कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात, शिक्षण-पगार-पत्रिका विचारल्यावर. कबड्डीत चढाईला जाणारा मुलगा किंवा वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवणारी मुलगी त्या खोलीत आलीच नव्हती. पुढे कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलंही गेलं नाही. त्यामुळे ज्याच्याबरोबर पंचवीस वर्षं काढली त्याला आपला अर्धा भाग ठाऊक नसतो, आणि शाळेनंतर कधीही न भेटलेल्या वर्गमैत्रिणीला तो पाठ असतो. तिच्याशी दोन वाक्यं बोलून जे बरं वाटतं, ते बऱ्याचदा प्रेम नसतंच. पण त्या वयात, त्या धास्तीत, त्याला प्रेम समजून बसणं फार सोपं असतं.

मग बॅचमधून बाहेर पडावं आणि फोन बाजूला ठेवावा, असं कुणी म्हणेल. हा सल्ला मला पटत नाही. लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निंघन यांचा २०११चा अभ्यास आहे. त्यांनी मोठ्या हुद्द्यांवरच्या लोकांना तीन वर्षांहून अधिक काळ संपर्क नसलेल्या ओळखीच्यांकडे कामातला सल्ला मागायला लावलं. तो सल्ला रोजच्या माणसांच्या सल्ल्याइतकाच, किंबहुना जास्त उपयोगी ठरला. जुना विश्वास शिल्लक होता आणि माहिती मात्र नवी होती. दवाखान्यात ओळख काढायला, मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकायला बॅच कशी धावून येते हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. गावापासून दूर एकट्या राहणाऱ्या हमालाकडून ही माणसं काढून घेणं क्रूरपणाचं होईल. दुसऱ्या बाजूचा पुरावाही लपवायचा नाही. नॅन्सी कॅलिश या मानसशास्त्रज्ञ महिलेने गमावलेलं प्रेम परत भेटलेल्या माणसांवर १९९७मध्ये पुस्तक लिहिलं. एकटी किंवा मोकळी झालेली माणसं परत जुळली की ते नातं बहुधा टिकतं, असं त्यांना आढळलं होतं. इंटरनेटनंतर मात्र सुखाने संसार करणारी माणसंही सहज म्हणून जुन्या नावाचा शोध घेतात आणि मनात नसताना गुंततात, असा इशारा त्यांनीच पुढे दिला. म्हणजे संसार सुखाचा आहे एवढ्याने निश्चिंत राहता येत नाही.

मग सीमा आखायची कुठे? बोलणं किती, कुणाशी, किती वाजता, हे मोजत बसणं व्यर्थ आहे. मार्केट यार्डाच्या धंद्याला याचं उत्तर ठाऊक आहे. पूर्वी शेतमालाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा असूनही त्याला काही कळायचं नाही. बाजार समित्यांच्या कायद्याने ही रीत बंद करून उघड लिलाव आणला. खरेदीला कुणाचाच विरोध नव्हता. ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याच्यापासून ती लपवण्याला होता. जुन्या मित्राशी होणारं बोलणं जोडीदारासमोर जसंच्या तसं सांगता येत असेल तर ते निर्वेध चालू द्यावं. नाव बदलून नंबर साठवावा लागला, संदेश पुसावे लागले, तर काहीच घडलेलं नसलं तरी घरातल्या माणसाचं काहीतरी काढून घेतलं गेलं आहे.

यावर स्त्रियांच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उघड सांगण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. नवऱ्याने वर्गमैत्रिणीची आठवण काढली तर घरात चेष्टा होते. बायकोने ‘तो सध्या काय करतो’ असं विचारलं तर फोन काढून घेतला जाऊ शकतो. जिथे खरं सांगितल्याबद्दल शिक्षा होते, तिथे लपवण्याचा सगळा दोष लपवणाऱ्यावर टाकता येत नाही. म्हणून मोकळेपणाची पहिली जबाबदारी घरात ज्याचा शब्द चालतो त्याची आहे, आणि बहुतेक घरांत तो नवरा असतो. फोन चोरून तपासणं हा तर उपायच नाही. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये रद्द केलं, आणि ते योग्यच झालं. जुलै २०२५मध्ये मात्र त्याच न्यायालयाने जोडीदाराचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. जोडपी एकमेकांवर पाळत ठेवत असतील तर लग्न आधीच बिघडलेलं आहे, असा त्या निकालातला विचार. तो कोर्टापुरता मान्य केला तरी ज्यांना एकत्र राहायचं आहे त्यांच्या तो कामाचा नाही. पाळतीतून दोषी सापडेल, सोबती सापडणार नाही.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. रात्री कामावर जाणाऱ्याने विचारपूस करायची कधी, ही अडचण खरी आहे. पण त्याच थकलेल्या माणसाला बॅचमध्ये उत्तर द्यायला वेळ सापडतो, आणि हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. सवय लागली की वेळ सापडतो, एवढंच त्यातून दिसतं. मार्केट यार्डातला फळं-भाजीपाल्याचा बाजार शनिवारी बंद असतो. ज्यांचा संसार या बाजारावर चालतो त्यांनी त्या दिवसातला तासभर राखून ठेवावा. फी आणि हप्त्यांचा विषय त्या तासात काढू नये. शाळेत शेजारी कोण बसायचं, काय व्हायचं मनात होतं, ते का राहिलं, हे एकमेकांना विचारावं आणि उत्तर ऐकून घ्यावं. आणि बॅचचे मेळावे भरवणाऱ्यांना एक विनंती आहे: ‘फक्त वर्गमित्रांसाठी’ ही अट काढून टाका आणि आमंत्रण जोडीने द्या.