अनुमतीवाचून उचललेले शस्त्र

जगाच्या अनुमतीवाचून एखाद्या राष्ट्राने दुसऱ्याच्या अमलाखालील मुलखात फौज घातली, तर तेवढ्यानेच ते कृत्य अधर्म्य ठरते काय, हा प्रश्न १९६१ च्या डिसेंबरात गोव्याच्या निमित्ताने भारतासमोर उभा राहिला. १८ डिसेंबरला आपल्या फौजा गोव्यात शिरल्या असता न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा व सैन्यमाघारीचा ठराव आला. अनुकूल सात, प्रतिकूल चार अशी मते पडूनही रशियाच्या नकाराधिकारामुळे तो बारगळला. अशाने संयुक्त राष्ट्र संघटनाच मृत्युपंथास लागेल, ही अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन यांनी त्या वेळी बोलून दाखविलेली भीती पोकळ नव्हती. कारण फिर्याद आपली, निवाडा आपला आणि अंमलबजावणीही आपलीच, अशी मुखत्यारी एका राष्ट्रास दिली की दुर्बळांचा मुलूख गिळू पाहणारा उद्या तीच सनद पुढे करतो.

तथापि सभेचे मौन अन्यायास न्याय करीत नाही, हे द्यूतसभेची कथा ऐकत वाढलेल्यांस सांगावे लागू नये. १५१० पासून पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या ज्या मुलखाची गणना संयुक्त राष्ट्रांनी १९६० मध्ये स्वशासन नसलेल्या प्रदेशांत केली, त्यास लिस्बन आपला प्रांतच म्हणत राहिले. १९५० मध्ये भारताने मागितलेल्या वाटाघाटी त्याने नाकारल्या. आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडून वीसहून अधिकांचे प्राण घेतले. श्रीकृष्णाने युद्धापूर्वी शिष्टाई केली, ती यश मिळेल अशा खात्रीने नव्हे, तर शस्त्राखेरीज मार्ग उरला नाही हे सिद्ध झाल्यावाचून शस्त्र धर्म्य होत नाही म्हणून. ते कर्तव्य भारताने चौदा वर्षे पाळले होते.

परंतु पूर्वीची शिष्टाई पुरेशी नाही. ज्यांच्या नावाने शस्त्र उचलले, त्यांचा नकार ऐकून घेण्याची तयारी विजेत्यापाशी आहे काय, ही माझ्या मते निर्णायक कसोटी होय. १९६३ मध्ये गोव्यात निवडणुका झाल्या. १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात गोमंतकीयांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले, आणि आपल्यांतील अनेकांच्या मनाविरुद्ध गेलेला तो कौल मानला गेला. भारतात यावे की नाही, हे मात्र त्यांना कधीच विचारले गेले नाही, आणि हे न्यून गोवामुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच प्रथम कबूल केले पाहिजे. जगाची अनुमती न घेता जाणाऱ्यावर तेथील प्रजेची अनुमती घेण्याचे दायित्व दुपटीने येते. ते जो टाळतो, त्यास मुक्तिदाता म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.