विश्वास आणि सळई

आमच्या बँकेत व्हाउचर लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा. लिहिणारा साक्षात धर्मराज असला तरी त्याची एकट्याची सही चालत नाही. डोंबिवलीकर टिटवाळ्याला टुमदार बंगली बांधायला निघाला, की नेमका हाच प्रश्न उभा राहतो. आर्किटेक्ट एक आणि कंत्राटदार दुसरा असला, तर पहिल्याच पावसात छत गळतं. हा म्हणतो, ‘बांधकाम चुकलं’. तो म्हणतो, ‘नकाशा चुकला’. मालक म्हणतो, ‘अगं, बादली आण!’

म्हणून हल्ली नकाशा आणि बांधकाम दोन्ही एकाच्याच गळ्यात बांधतात. बोट दाखवायला दुसरा उरतच नाही. झकास! पण स्लॅबमध्ये दोन सळया कमी पडल्या तर ओरडणार कोण? टाकणारा तोच, तपासणाराही तोच!

हमुराबी राजाने सुमारे ३,७५० वर्षांपूर्वी फर्मावलं होतं : घर कोसळून मालक मेला, तर बांधणाऱ्याला देहदंड. न्याय चोख, फक्त तो बघायला मालक हयात नसे!

तेव्हा जबाबदारी खुशाल एकाची असू द्या; सळया मोजणारा इंजिनिअर मात्र आपल्या पैशाने वेगळा नेमा. यात अविश्वास कसला? सख्ख्या भावाने दिलेल्या नोटाही आपण मोजूनच घेतो. भला भाऊ रागावत नाही. उलट तोच म्हणतो, ‘मोजून घे रे!’