पहिलें मूल कोणाची साक्ष देतें?

कोल्हापुरांतील मंगळवार पेठेंतलें एखादें घर डोळ्यांपुढें आणा. मुलगी सहा वर्षांची झाली. दुसरें मूल व्हावें म्हणून पतिपत्नी तीन वर्षें वाट पाहत आहेत. छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयांत जाऊन तपासून घ्यावें असें त्यांच्या मनांत येतें, तों शेजारी म्हणतात, "एक आहे ना? मग सरकारचा पैसा तुमच्या हौसेपायीं कां खर्चावा?"

राहेलीनें पहिल्या पुत्राचें नांव योसेफ ठेविलें, त्या नांवांतच आणखी एकाची मागणी आहे. तेव्हां ही इच्छा केवळ हौस म्हणून झटकण्याजोगी नाहीं. तरी शेजाऱ्यांचा प्रश्न अगदींच पोकळ नव्हे. गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत २०२३ सालीं कृत्रिम गर्भधारणेचा मोफत उपचार सुरू झाला. अशा महाग उपचाराच्या रांगेंत, ज्यांच्या घरीं पाळणा हललाच नाहीं त्यांस आधीं जागा मिळावी, हें न्यायाचें दिसतें.

परंतु तपासणी म्हणजे उपचार नव्हे. तींतून मूल मिळत नाहीं, सत्य मिळतें. आणि त्या सत्याची गरज एक मूल असलेल्या घरांत अधिकच आहे. कारण तेथें पहिलें मूल बापाचें प्रशस्तिपत्र बनतें. "मला मूल झालें आहे, माझी तपासणी कशाला?" असें तो म्हणतो, आणि दोष आपोआप बायकोच्या पदरीं पडतो. तेंच मूल तिनें नऊ महिने पोटांत वाहिलें, पण तिच्या बाजूनें त्याची साक्ष कोणी मानीत नाहीं!

वस्तुतः शरीरें दोघांचींही बदलतात. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर जंतुसंसर्ग झाल्यास गर्भनलिका बंद होऊं शकते. पस्तिशीनंतर स्त्रीबीजें झपाट्यानें घटतात. पुरुषाचें वीर्यही मधुमेहानें, तंबाखूनें किंवा भट्टीच्या रोजच्या झळेनें क्षीण होऊं शकतें. आणि कोल्हापूर तर ओतकामाच्या कारखान्यांचें गांव. शुक्रबीज तयार व्हावयास सुमारें ७० दिवस लागतात. मग सात वर्षांपूर्वींच्या बीजाची ग्वाही आज कशी चालेल?

एक भीति मात्र खरी आहे. 'दुसरें' म्हणजे 'मुलगा' असाच अर्थ पुष्कळ घरांत असतो. २०११ च्या जनगणनेंत कोल्हापूर जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागें ८६३ मुली होत्या. गर्भलिंगनिदानास १९९४ चा कायदा आडवा आहेच. तपासणी नाकारून ती हांव जात नाहीं. घरांत सवत आणण्याचीं बोलणीं मात्र सुरू होतात.

म्हणून दवाखान्यानें दोघांस एकाच दिवशीं बोलवावें आणि पतीची तपासणी आधीं करावी. तिला २ ते ७ दिवसांचा संयम पुरतो. पत्नीच्या गर्भनलिका पाहावयाच्या तर गर्भाशयांत औषध सोडून क्ष-किरणचित्र घ्यावें लागतें, आणि तें दुखतें.