काहील कुठं गेली?

दोन वर्षांपूर्वी मी ईएमआयवर फुल-फ्रेम कॅमेरा घेतला. सोबत ८५ एमएमची, एफ/१.८ची लेन्स. माझे फोटो सपक यायचे आणि दोष फोनचाच आहे, अशी माझी खात्री होती.

त्या हिवाळ्यात कॅमेरा घेऊन नेसरीला, म्हणजे गडहिंग्लज तालुक्यातल्या माझ्या गावी गेलो. गुऱ्हाळ सुरू होतं. तिथल्या गुळव्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. काहिलीत रस उकळत होता आणि तात्या वाफेत उभे राहून त्याच्याकडे टक लावून बघत होते. मी काहिलीच्या या बाजूला उभा राहिलो, लेन्स पूर्ण उघडली आणि फोटो काढला. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती स्पष्ट, बाकी सगळं धूसर. इन्स्टाग्रामवर त्याला माझ्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त लाइक्स मिळाले.

संध्याकाळी तात्यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला.

"तोंड झ्याक आलंय रं. पर काहील कुठं गेली?"

काहिलीच्या जागी एक पिवळट डाग होता.

"मी कशाकडं बघालोय, हे कुणाला कळंल?"

मला राग आला. मग लाज वाटली, कारण ते कशाकडे बघत होते हे मलाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घरी ठेवून गुऱ्हाळावर जाऊन बसलो. रसात रानभेंडीचं पाणी घालून मळी काढली जाते. मग रस आटत जातो, फेसाचा रंग आणि बुडबुड्यांचा आकार बदलतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का, ते बघतात. काहील लवकर उतरवली तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर काळपट होतो. सगळा हंगाम त्या काही क्षणांच्या नजरेवर चालतो. माझ्या फोटोत नेमकी तीच गोष्ट नव्हती.

यात कॅमेऱ्याची चूक नव्हती. ती लेन्स ज्यासाठी बनवली आहे तेच तिनं केलं. आपल्या फोनचा पोर्ट्रेट मोडसुद्धा हेच करतो: माणूस शोधतो आणि उरलेलं पुसट करतो. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे एक गोष्ट मला चांगली माहीत आहे. प्रत्येक डिफॉल्टमागे कुणाचं तरी मत असतं. चेहरा महत्त्वाचा, बाकीचं नाही, हे कुठल्या तरी ऑफिसात बसून कुणीतरी ठरवलेलं असतं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण मी विचार न करता बटण दाबतो, तेव्हा त्या मतावर माझी सही होते.

इथे प्रश्न तंत्राचा उरत नाही. दुसऱ्या माणसाबद्दल काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे मी ठरवत असतो. फोटो बघणाऱ्या अनोळखी लोकांसाठी तात्या म्हणजे 'सुरकुतलेला गावाकडचा म्हातारा' झाले. चाळीस वर्षांचं कौशल्य मी डाग करून टाकलं होतं. महागडा कॅमेरा ही चूक टाळू शकत नाही, फक्त ती अधिक सुंदर करून देतो.

मग साधनाला काहीच किंमत नाही का? आहे. कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांचं उदाहरण घ्या. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही. दामल्यांच्या मदतीनं कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. पुढे १९२५ मध्ये, पौराणिक चित्रपटांची चलती असताना, त्यांनी 'सावकारी पाश' काढला. त्याचा नायक होता सावकारापायी जमीन गमावलेला शेतकरी. त्याच्याकडे बघायला कुठल्याही कॅमेऱ्यानं त्यांना सांगितलं नव्हतं. साधनासाठी बाबूरावांनी वर्षं घालवली, पण काय दाखवायचं आहे हे आधी डोक्यात होतं म्हणून. माझा क्रम उलटा होता. मी आधी कॅमेरा आणला आणि मग तो मला काहीतरी दाखवेल म्हणून वाट बघत बसलो.

गेल्या हंगामात पुन्हा गुऱ्हाळावर गेलो. कॅमेरा खोलीवरच राहिला होता, म्हणून फोननंच फोटो काढला, पोर्ट्रेट मोड बंद करून. जरा उंचावर उभा राहिलो, म्हणजे तात्या आणि काहील दोन्ही येतील. फोटोत वाफेमुळे चेहरा अर्धा झाकलाय, कोपऱ्यात कुणाची तरी बादली आलीय. लाइक्स फारसे मिळाले नाहीत.

तात्यांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. फेसावर बोट ठेवून म्हणाले, "ही उतरायच्या आधीची. अजून दोन मिन्टं हुती बघ."