साचणे आणि साचविणे

धूळही साचली तर तिचा डोंगर होतो, अशा अर्थाची एक म्हण जपानी लोकांत प्रचलित आहे. आपल्या ‘थेंबे थेंबे तळे साचे’ची ती सख्खी बहीणच म्हणावी. दोन्ही म्हणींतील क्रियापद अकर्मक आहे, ही गोष्ट मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. धूळ ‘साचते’, तळे ‘साचते’. साचविणारा कोण, ह्याविषयी दोघीही मौन धरतात.

आम्हां रत्नागिरीकरांस तरी हे मौन खुपावयास हवे. आमच्याकडे वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. थेंबांची वाण आम्हांस कधीच नव्हती. तरीही वैशाखात कित्येक वाड्यांवर बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. काही पाणी जांभ्यातून झिरपून जाते, बाकीचे उतारावरून समुद्रास मिळते. जेथे कोणी बांध घातला तेथे तळे. एरवी नुसते थेंब.

अंताजी दामोदर काळे ह्यांच्या पैसा फंडाकडे मी ह्याच दृष्टीने पाहतो. देशी उद्योगधंद्यांसाठी प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावा, इतकीच ती कल्पना. त्या काळी रुपयाचे पैसे चौसष्ट. म्हणजे एक रुपया जमविण्यास चौसष्ट दारे! हिशेबी माणूस येथेच हसून उठला असता. टिळक हसले नाहीत. त्यांनी ती कल्पना उचलून धरली. १९०८ साली तळेगावास पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, आणि त्याची सूत्रे जपानात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांनी हाती घेतली. जपानी म्हणीस मराठी मुलखात मिळालेले हे उदाहरण मला मोठे अर्थपूर्ण वाटते.

ह्यात पैसा देणाऱ्याचे पुण्य किती? थोडेच, असे मी म्हणेन. एक पैसा देणे सोपे आहे. चौसष्टाव्या दारी पहिल्या दाराइतक्याच आदराने हात पसरणे फार कठीण. आपण गौरव मात्र कणाचा करतो, कारण कण होणे आपल्यास परवडते.

हे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे. मागच्या उन्हाळ्यात एक विद्यार्थी आपल्या वाडीच्या बंधाऱ्यासाठी वर्गणी मागावयास आला. मी त्यास थेंबांची म्हण ऐकविली, दहा रुपये दिले आणि पुन्हा वर्तमानपत्र उचलले. त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला आहे, हे तो फाटकाबाहेर पडल्यावर मला दिसले.